तुरुंगाची भिंत आणि फ्रेंच बोलपट

तुरुंगांतून निसटलेल्या माणसाची गोष्ट ऐकावयास कोणाला आवडत नाहीं? आपल्या घरांतील मुलें आग्र्याच्या पेटाऱ्यांची हकीकत शंभरदां ऐकतात, आणि तरीहि पेटारा पहाऱ्यावरून पुढें सरकतो त्या ठिकाणीं त्यांचा श्वास क्षणभर अडतोच. पळणारा कोण आणि पकडणारा कोण, हा विचार मागाहून येतो. मन आधीं पळणाऱ्याच्या पाठीशीं उभें राहतें. मनुष्यस्वभावाच्या या ओढीचा उपयोग जगांतील सर्वच चित्रपटकारांनीं करून घेतला आहे. परंतु फ्रान्स देशांत या विषयावर जे बोलपट निघाले, त्यांपैकीं तीन तरी निव्वळ करमणुकीच्या सदरांत टाकतां येत नाहींत. झाँ रेन्वार याचा १९३७ सालचा ‘मोठा भ्रम’, रोबेर ब्रेसाँ याचा १९५६ सालचा ‘मृत्यूची शिक्षा झालेला एक कैदी निसटला’, आणि झाक बेकेर याचा १९६० सालचा ‘विवर’, हे ते तीन होत. नांवें मीं मराठींत फिरवून सांगितलीं आहेत.

हे तिन्ही बोलपट फ्रान्सच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत असें मी मानतों. आणि साक्षीदार म्हटला कीं त्याची उलटतपासणी आलीच. तो काय सांगतो तें लक्षपूर्वक ऐकावें, आणि तो काय सांगत नाहीं हेंहि पाहावें. इतिहासाच्या अभ्यासाचा हा पहिला धडा आहे, आणि तोच आज आपण या तीन साक्षीदारांना लावून पाहणार आहों.

तुरुंग हा विषय फ्रेंच चित्रपटाला प्रथम सुचला तो रूपक म्हणून. रेने क्लेअर याच्या १९३१ सालच्या ‘आम्हांला स्वातंत्र्य हवें’ या बोलपटांत दोन कैदी तुरुंगांत लांकडी घोडे तयार करीत बसलेले दिसतात. त्यांतील एक पळून जातो, ग्रामोफोनचा मोठा कारखाना काढतो, आणि तो कारखाना पाहूं जावें तों हुबेहूब तुरुंगासारखा! तीच रांग, तेंच काम, तोच पहारा. ही थट्टा होती, आणि ती बोचरी होती. परंतु त्या देशाच्या नशिबीं तुरुंग हा रूपकापुरता राहावयाचा नव्हता.

पहिल्या महायुद्धांत पांच लाखांवर फ्रेंच सैनिक जर्मनांच्या कैदेंत पडले. पुढें फ्रान्सचा अध्यक्ष झालेला शार्ल द गॉल हा त्यांपैकींच एक. १९१६ च्या मार्चमध्यें व्हेर्दंच्या लढाईंत तो पकडला गेला; त्यानें पांच वेळां पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि पांचहि वेळां तो फसला. १९४० सालीं तर अवघ्या सहा आठवड्यांत फ्रान्सचा पाडाव झाला आणि सुमारें १८ लाख फ्रेंच सैनिक युद्धकैदी झाले. ज्याच्या घरचा किंवा शेजारचा कोणी तारेच्या कुंपणाआड नव्हता असा मनुष्य त्या वेळीं त्या देशांत क्वचितच सांपडला असता. आपल्या तीन दिग्दर्शकांची गोष्ट तशीच आहे. रेन्वार पहिल्या युद्धांत लढला, पायाला जखमी झाला आणि पुढें टेहळणी करणाऱ्या विमानांतून हिंडला. ब्रेसाँ आणि बेकेर हे दोघेहि १९४० नंतर जर्मनांचे युद्धकैदी होते. कैद म्हणजे काय हें या मंडळींना पुस्तकांतून वाचावें लागलें नाहीं.

आतां पहिला साक्षीदार घेऊं. ‘मोठा भ्रम’ या बोलपटाचें बीज पिन्सार नांवाच्या एका वैमानिकाच्या अनुभवांत आहे. तो जर्मन कैदेंतून निसटलेला होता, आणि त्याच्या हकीकती रेन्वारनें त्याच्याच तोंडून ऐकल्या होत्या. कथेंत तीन फ्रेंच अधिकारी आहेत: बोएल्दिय हा खानदानी सरदार, मारेशाल हा साधा कारागीर, आणि रोझेंथाल हा धनाढ्य ज्यू घराण्यांतला. बाहेरच्या जगांत हे तिघे एका पंक्तीला बसले नसते. कैदेनें त्यांना एका खोलींत आणून टाकलें. रोझेंथालच्या घरून खाद्यपदार्थांचीं पुडकीं येतात आणि सर्व खोली त्यावर जेवते. आणि ज्यांच्या देशाची समुद्रावर नाकेबंदी झाली आहे ते जर्मन पहारेकरी मात्र कोबीवर दिवस काढतात.

हे कैदी खोलीच्या फळ्या उचकटून खालीं भुयार खणतात. खणलेली माती पिशव्यांतून बागेंत नेऊन गुपचूप टाकतात. आंत गेलेला मनुष्य गुदमरूं लागला तर त्यानें दोरी ओढावयाची, म्हणजे वर टांगलेला डबा पडून इशारा होतो. भुयार पुरें होतें न होतें तोंच हुकूम येतो कीं, या सर्वांना दुसऱ्या छावणींत हलवावयाचें आहे. त्यांच्या जागीं इंग्रज कैदी येतात. मारेशाल त्यांतील एकाला भुयाराची वार्ता देण्यासाठीं धडपडतो. पण याला इंग्रजी येत नाहीं आणि त्याला फ्रेंच येत नाहीं. महिनोन्महिन्यांचे श्रम एका वाक्याअभावीं मातींत जातात. राष्ट्राराष्ट्रांमधील भिंत दगडाचीच असते असें नाहीं, हें इतक्या थोडक्यांत कोणीं सांगितलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

पुढें डोंगरावरील एका किल्ल्यांत त्यांना ठेवतात. तेथील जर्मन किल्लेदार राउफनश्टाइन हाहि जुन्या घराण्यांतला. त्याचें आणि बोएल्दियचें सूत जमतें. एक शत्रु असून दुसऱ्याला आपल्या सैनिकांपेक्षां जवळचा वाटतो. परंतु पलायनाची वेळ येते तेव्हां बोएल्दिय तटावर चढून बांसरी वाजवीत बसतो, सर्व पहारा आपल्याकडे ओढून घेतो, आणि तेवढ्यांत मारेशाल व रोझेंथाल दोरावरून खालीं उतरतात. राउफनश्टाइनला आपल्या मित्रावर गोळी झाडावी लागते. पायावर नेम धरलेली ती गोळी पोटांत लागते. शिवाजीमहाराज पेटाऱ्यांतून गेले तेव्हां त्यांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजून राहिला, असें बखरी सांगतात. सुटकेच्या गोष्टींत मागें राहणारा कोण, हें विचारावयास आपण नेहमीं विसरतों.

हा साक्षीदार काय सांगत नाहीं? त्याच्या छावणींत नाटकें होतात, जेवणावळी झडतात, आणि जर्मन शिपाई कोठडींतल्या कैद्याला तोंडानें वाजवावयाचा बाजा आणून देतो. हें सर्व खोटें नव्हे. पण हें अधिकाऱ्यांचें जीवन आहे. १९०७ च्या हेग येथील करारान्वयें युद्धकैद्यांकडून काम करून घेण्याची मुभा होती, मात्र अधिकाऱ्यांना त्यांतून वगळलें होतें. खाणींत आणि शेतांत राबणारे जे लाखो साधे शिपाई, त्यांची कैद या बोलपटांत दिसत नाहीं. रेन्वारला १९३७ सालीं, पुन्हा युद्धाचे ढग जमत असतांना, शत्रूच्याहि अंगीं माणुसकी असते हें सांगावयाचें होतें. त्यासाठीं त्यानें माणुसकीच्या जागा वेंचून काढल्या.

जर्मन सरकारनें हा बोलपट निषिद्ध ठरविला यांत नवल नाहीं. पुढें पॅरिस पडल्यावर त्याची मूळ फीत जर्मनांनीं बर्लिनला नेली. बर्लिन पडल्यावर ती रशियन सैन्याबरोबर मॉस्कोला गेली. १९६० नंतरच्या दशकांत ती फ्रान्समधील तूलूझ येथील चित्रसंग्रहालयांत परत आली, आणि ती मूळ फीत आहे हें ओळखूं येण्यास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें. युद्धकैद्यांची कथा सांगणारा हा बोलपट स्वतःच अर्धें शतक युद्धकैदी होता.

दुसरा साक्षीदार अगदीं वेगळ्या स्वभावाचा आहे. तो मितभाषी आहे. फ्रान्समधील लियाँ शहरांत माँल्यूक नांवाचा लष्करी तुरुंग आहे. तो १९२१ सालीं उघडला. १९४३ च्या आरंभीं जर्मनांनीं तो आपल्या ताब्यांत घेतला आणि पुढच्या दीड वर्षांत सुमारें दहा हजार माणसें त्याच्या दारांतून आंत गेलीं. त्यांत आंद्रे देविन्यी नांवाचा एक तरुण अधिकारी होता. तो जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळींतला. त्याला मृत्युदंड फर्मावण्यांत आला, आणि १९४३ च्या ऑगस्टमध्यें, शिक्षा अमलांत येण्याच्या आधींच, तो एका सोबत्यासह त्या तुरुंगांतून निसटला. युद्धानंतर त्यानें आपली हकीकत लिहिली आणि तिच्यावरून ब्रेसाँनें बोलपट केला. माँल्यूकच्या आवारांतच कांहीं चित्रण झालें आणि स्वतः देविन्यी सल्लागार म्हणून हजर राहिला. नायकाची भूमिका कोणा नटाला न देतां ब्रेसाँनें ती तत्त्वज्ञानाच्या एका विद्यार्थ्याला दिली.

या बोलपटांत नायकाचें नांव फोंतेन असें आहे. त्याच्या कोठडीचें दार ओकच्या फळ्यांचें आहे, पण फळ्यांचे सांधे मऊ लांकडाचे आहेत हें त्याच्या ध्यानांत येतें. जेवणाचा एक लोखंडी चमचा तो लपवून ठेवतो, फरशीवर घांसून त्याची पटाशी करतो आणि दिवसेंदिवस ते सांधे कोरीत बसतो. पडलेला भुसा गोळा करावयाचा, उघडी पडलेली जागा झांकावयाची, पहारेकऱ्याची चाहूल लागली कीं थांबावयाचें, आणि पुन्हा आरंभ करावयाचा. खाटेच्या जाळीची तार आणि कपड्यांच्या चिंध्या यांचा तो दोर वळतो. कंदिलाच्या चौकटीचे आंकडे करतो. आंकडे हवेत हें त्याला कसें कळलें? ओर्सिनी नांवाचा एक कैदी त्याच्या आधीं पळूं गेला आणि फसला. गोळी घालून ठार होण्यापूर्वीं त्यानें ती गोष्ट फोंतेनला कळविली. एकाच्या मरणानें दुसऱ्याची वाट मोकळी झाली.

आपण नभोवाणीचे श्रोते आहां, म्हणून आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतों. या बोलपटांत पहारेकऱ्यांचे चेहरे फारसे दिसतच नाहींत. तुरुंग आपणांस ऐकूं येतो. जिन्याच्या कठड्यावर आपटणारी किल्ली, दूर जाणारी आगगाडी, दोन भिंतींमधून फेऱ्या मारणाऱ्या शिपायाच्या सायकलीची कुरकुर, एवढ्यावर कैद्याचें सारें जग उभें आहे. ज्याला चार भिंतींबाहेरचें कांहीं दिसत नाहीं त्याला कान हेच डोळे होतात. हें ज्यानें भोगलें त्यालाच सुचावें.

पलायनाची सर्व तयारी झाल्यावर एके दिवशीं झोस्त नांवाचा एक पोरगा फोंतेनच्या कोठडींत आणून टाकतात. त्याच्या अंगावरचा गणवेष निम्मा फ्रेंच आणि निम्मा जर्मन आहे. हा हेर असेल काय? याला सर्व सांगावें, कीं याचा जीव घ्यावा? या प्रश्नाशीं फोंतेन झगडतो आणि अखेर विश्वास टाकण्याचें ठरवितो. पुढें भिंत चढतांना त्याला उमगतें कीं, एकट्याला ही चढण साधली नसती. चमचा, दोर आणि आंकडे सर्व तयार होतें. उणीव होती ती दुसऱ्या एका माणसाची, आणि ती तुरुंगाधिकाऱ्यांनींच भरून काढली होती! ब्रेसाँ श्रद्धाळू होता. त्यानें बोलपटाला जोडनांव दिलें तें योहानाच्या शुभवर्तमानांतलें, वारा आपल्या इच्छेस येईल तिकडे वाहतो या अर्थाचें. प्रयत्नांतीं परमेश्वर म्हणतात तो भाव येथें आहे. मात्र परमेश्वर आपल्या ओळखीच्या रूपानें येईलच असें नाहीं.

या साक्षीदाराचें बोलणें खरें आहे. परंतु तो एका माणसाची हकीकत सांगत आहे, तुरुंगाची नव्हे. म्हणून माँल्यूकचें बाकीचें दप्तर आपण उघडलें पाहिजे. गुप्त चळवळीचा म्होरक्या झाँ मूलँ यालाहि १९४३ च्या जूनमध्यें याच तुरुंगांत ठेवलें होतें. जर्मनांनीं केलेल्या छळानें त्याचा अंत झाला. मार्क ब्लोक हा थोर इतिहासकार येथेंच होता. १९४४ च्या १६ जून रोजीं त्याला इतर कैद्यांबरोबर शहराबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. साक्षीची पारख कशी करावी या विषयावर तो एक पुस्तक लिहीत होता. तें अपुरें राहिलें आणि १९४९ सालीं तसेंच प्रसिद्ध झालें. आणि १९४४ च्या ६ एप्रिलला ईझिय नांवाच्या खेड्यांतील आश्रयगृहांतून ४४ ज्यू मुलें धरून आणलीं, तींहि याच माँल्यूकमध्यें एक रात्र होतीं. तेथून त्यांना पॅरिसजवळील छावणींत आणि पुढें त्यांतील बहुतेकांना आउशविट्झला पाठविलें. त्यांच्यापैकीं एकहि मूल परत आलें नाहीं. त्यांच्याजवळ चमचा नव्हता, आणि महिनाभर कोरीत बसण्याएवढा अवधिहि नव्हता. मीं आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. ४४ हा आंकडा म्हणजे शाळेंतला एक भरलेला वर्ग. निसटलेल्याची गोष्ट ऐकतांना न निसटलेल्यांची संख्या मनांत ठेवावी लागते ती अशासाठीं. त्या मुलांना पकडविणारा क्लाउस बार्बी हा १९८३ सालीं फ्रान्सच्या हातीं लागला तेव्हां त्याला आरंभीं कांहीं दिवस माँल्यूकमध्येंच ठेवण्यांत आलें, आणि १९८७ सालीं लियाँच्या न्यायालयानें त्याला जन्मठेप दिली. आज तो तुरुंग स्मारक म्हणून जतन केला आहे.

तिसरा साक्षीदार झाक बेकेर. हा रेन्वारचा शिष्य. ‘मोठा भ्रम’ तयार होत असतांना तो त्याचा साहाय्यक होता आणि त्यांत एका इंग्रज अधिकाऱ्याची लहानशी भूमिकाहि त्यानें केली होती. घड्याळ काढून घेणार असें कळतांच तें टाचेखालीं चिरडणारा तो अधिकारी म्हणजे बेकेर. त्याचा अखेरचा बोलपट ‘विवर’. तो १९६० च्या मार्चमध्यें प्रसिद्ध झाला आणि त्याच्या महिनाभर आधींच बेकेरचा मृत्यु झाला होता.

येथें युद्ध नाहीं, शत्रुराष्ट्र नाहीं. पॅरिसमधील ला साँते हा १८६७ सालीं उघडलेला तुरुंग, आणि १९४७ सालीं तेथें खरोखर झालेला पलायनाचा प्रयत्न. कैदी सामान्य गुन्हेगार आहेत. त्या प्रयत्नांत प्रत्यक्ष भाग घेतलेला एक इसम, झाँ केरोदी, आरंभीं पडद्यावर येऊन ही आपलीच हकीकत आहे असें सांगतो, आणि पुढें बोलपटांत स्वतःचीच भूमिका करतो. कोठडींत चौघे जण आहेत. पांचवा, गास्पार, नवा आलेला आहे. तो सभ्य घरचा दिसतो. त्याला सांगावें कीं न सांगावें? पुन्हा तोच प्रश्न, जो फोंतेनपुढें होता.

तुरुंगांतील रोजचें जीवन या बोलपटांत जितकें बारकाईनें आलें आहे तितकें दुसऱ्या कोठें क्वचितच आलें असेल. घरून आलेलें खाद्य तपासणारा शिपाई एकाच सुरीनें सर्व पदार्थ कापीत जातो. कैद्यांना पुठ्ठ्याचीं खोकीं करण्याचें काम मिळतें, आणि त्या पुठ्ठ्यांच्या आड जमिनीचें भोंक लपतें. दांत घांसण्याच्या ब्रशाला आरशाचा तुकडा बांधून दाराच्या छिद्रांतून बाहेरचा पहारा न्याहाळतात. बाटल्यांत वाळू भरून वेळ मोजतात. खाटेच्या लोखंडी तुकड्यानें फरशीवर घण घालण्याचा प्रसंग कित्येक मिनिटें अखंड चालतो. काँक्रीटचा कपचा उडेपर्यंत प्रेक्षकाचेहि हात दुखूं लागतात. एके रात्रीं दोघे जण भुयारांतून रस्त्यावरील झांकणापर्यंत पोंचतात. झांकण वर करतात तों पुढें मोकळा रस्ता! पाऊल टाकलें कीं सुटका. पण ते झांकण पुन्हा लावतात आणि उरलेल्या सोबत्यांसाठीं कोठडींत परत येतात.

आणि मग शेवट होतो. गास्परला तुरुंगाच्या मुख्याधिकाऱ्याकडे बोलावणें येतें. तो बऱ्याच वेळानें परततो. त्याच्यावरची फिर्याद मागें घेतली जाणार असें त्याला कळलेलें असतें. निघण्याच्या क्षणीं आरशाच्या तुकड्यांत दाराबाहेर पहारेकऱ्यांची गर्दी दिसते. झोस्तवर टाकलेला विश्वास फळाला आला, गास्परवर टाकलेला बुडाला. दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांवरूनच घेतलेल्या आहेत, म्हणून त्यांतून सोपें तात्पर्य काढतां येत नाहीं.

या तिसऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र सर्वांत कडक झाली पाहिजे. ‘विवर’ची मूळ कथा झोझे जोव्हान्नी या लेखकाची. तो स्वतः १९४७ च्या त्या प्रयत्नांत होता. १९४८ सालीं त्याला खुनांच्या खटल्यांत देहांताची शिक्षा झाली, ती पुढें सौम्य झाली, आणि १९५६ सालीं सुटून त्यानें लेखन आरंभिलें. पुढें तो नांवाजलेला लेखक व दिग्दर्शक झाला. १९९३ सालीं स्वित्झर्लंडमधील वृत्तपत्रांनीं त्याची जुनी प्रकरणें उजेडांत आणलीं. त्यांत एक असें होतें कीं, १९४४ सालीं जर्मन पोलिसांचें सोंग घेऊन त्यानें लपून बसलेल्या ज्यूंकडून पैसे उकळले होते. हें घडलें कोठें? लियाँ शहरांत, ज्या शहरांत माँल्यूक आहे त्याच ठिकाणीं!

श्रोतेहो, ‘विवर’ पाहतांना आपण ज्या कोठडीसाठीं देवाची करुणा भाकतों, त्या कोठडीच्या पूर्वेतिहासांत हें पान आहे. बोलपट त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीं. कैद्यांनीं काय केलें होतें, त्यांच्या हातून कोणाचें काय गेलें, हें तो विचारीतच नाहीं. म्हणून तो बोलपट खोटा ठरतो काय? मला तसें वाटत नाहीं. हातांचे कष्ट, एकमेकांवर टाकलेला भार आणि विश्वासघाताची जखम याविषयीं त्याची साक्ष खरी आहे. पण एका बाबतींत खरी ठरलेली साक्ष दुसऱ्या बाबतींत आपोआप खरी धरावयाची नसते. दोरावर लोंबकळणारा मनुष्य आपल्या सहानुभूतीला पात्र होतो; तेवढ्यानें तो निर्दोष होत नाहीं. आणि निर्दोष असूनहि ज्यांना दोर मिळाला नाहीं, त्यांची बाजू मांडावयास पडद्यावर कोणी येत नाहीं.

म्हणून असे बोलपट अवश्य पाहावे, घरांतील मोठ्या मुलांनाहि दाखवावे. पळणाऱ्याबरोबर आपला श्वास अडला तर अडूं द्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु दिवे लागल्यावर मुलांना तीन गोष्टी विचाराव्या. ही भिंत कोणीं आणि कशासाठीं बांधली होती? आंत असलेला मनुष्य तेथें कसा आला? आणि तो गेल्यावर मागें कोण राहिलें? हे प्रश्न विचारण्याची संवय ज्या घरांत लागली, त्या घरांत इतिहासाचें शिक्षण सुरू झालें असें समजावें.